बाजाराची पिशवी

मागील लेखानंतर दोघी-तिघी वाचकभगिनींचीं पत्रें आलीं. त्यांपैकीं एकींत सरळच प्रश्न होता : "आपण परदेशांत मुलाकडे राहतां, तेथें जेवतां तरी काय?" प्रश्न साधा आहे, आणि त्याचें उत्तर एका ओळींत देतां आलें असतें. वरण, भात, भाजी, पोळी. जें जन्मभर जेवत आलों तेंच. परंतु ही भाजी आणतांना आमच्या हातून जें घडलें, तें सांगितल्यावांचून हें उत्तर पुरें व्हावयाचें नाहीं. गोष्ट थोडी कमीपणाची आहे. तथापि ज्यानें अडतीस वर्षें मुलांच्या चुकांखालीं तांबडी शाई ओढली, त्यानें स्वतःची चूक झांकून ठेवणें शोभत नाहीं. म्हणून लिहीत आहों.

आमचे चिरंजीव हॉलंडांत लायडन या गांवीं नोकरीस आहेत. हॉलंडच्या लोकांस आपल्याकडील जुन्या कागदांत 'वलंदेज' म्हटलें आहे. सतराव्या शतकांत त्यांनीं वेंगुर्ल्यास घातलेल्या वखारीचे भग्न अवशेष कोंकणांत गेलेल्या पुष्कळांनीं पाहिले असतील. लायडन हें विद्येचें गांव. इ. स. १५७४ त स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, आणि पुढच्याच वर्षीं येथें विद्यापीठाची स्थापना झाली. त्या विद्यापीठांत १८६५ त संस्कृताचें अध्यासन स्थापन झालें. हेंद्रिक केर्न हे त्या अध्यासनावरील पहिले प्राध्यापक. आम्हांस हें नांव ठाऊक असल्यामुळें गांवांत पाऊल ठेवण्यापूर्वींच मनांत त्याविषयीं आदर होता. पण गांव पंडितांचें झालें, तरी संध्याकाळीं चुलीवर काय चढवावयाचें हा प्रश्न तेथेंही सुटत नाहीं.

देशीं असतांना आमच्या घरचा बाजार आम्हीच करीत असूं. तिघां भावांचें एकत्र कुटुंब, पानावर रोज चौदा-पंधरा माणसें. आठवड्याच्या बाजाराची पिशवी वडिलांच्या हातून आमच्या हातीं आली, आणि ती आम्हीं जवळजवळ चाळीस वर्षें सोडली नाहीं. भेंडीचें टोंक मोडून पाहावें, वांग्याच्या देंठावरून त्याचें वय ओळखावें, मेथीची जुडी झटकून माती किती पडते तें पाहावें, भाव सांगितला कीं दोन पावलें पुढें जाऊन पुन्हां मागें यावें, या कलांत आम्ही स्वतःस प्रवीण समजत असूं. घरीं आल्यावर पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं ठेवावी आणि ओटीवर बसून वहींत हिशेब लिहावा. बायकामाणसांनीं बाजारांत जावें अशी चाल आमच्याकडे नव्हती. कोणी मनाई केली होती असें नव्हे. तसा विचारच कोणास सुचला नव्हता.

परदेशीं आलों आणि हें सारें एकाएकीं संपलें. चिरंजीव मोबाइलवर बोट फिरवितात आणि संध्याकाळीं सामानाचे खोके दारांत येऊन पडतात. सूनबाई आपल्या कामावर जातात, नात शाळेंत जाते. मुलगा मोठ्या ममतेनें म्हणे, "अप्पा, जन्मभर धांवपळ केलीत, आतां स्वस्थ बसा." स्वस्थ बसणें पहिला आठवडा गोड लागलें. दुसऱ्या आठवड्यांत खिडकींतून कालव्यावरील बदकें मोजून झालीं. तिसऱ्या आठवड्यांत मनांत आलें कीं, या घरांत प्रत्येकास कांहीं काम आहे, आम्हांसच तेवढें नाहीं. भाषा येत नाहीं, रस्ते ठाऊक नाहींत; रस्ता ओलांडतांना सात वर्षांची नात आपला हात धरून नेते. वयाची साठी उलटलेल्या माणसास पाहुणा होऊन राहणें जड जातें, हें ज्यांचे मुलगे परदेशीं आहेत त्यांस वेगळें सांगावयास नको. म्हणून गांवांत शनिवारीं उघड्यावर बाजार भरतो असें कळतांच आम्हीं पिशवी मागून घेतली. "भाजी आम्ही आणूं," असें सांगतांना आमचा आवाज पूर्वींसारखा झाला, असें आम्हांस वाटलें.

लायडनचा बाजार आठवड्यांतून दोनदां, बुधवारीं आणि शनिवारीं भरतो, शनिवारचा मोठा. नीवे राइन नांवाचा कालवा गांवाच्या मध्यांतून वाहतो, त्याच्या कांठानें दुकानांची रांग लागते. भल्या पहांटे गाड्या येतात, सांगाडे उभे राहतात, वर कापडाचीं छतें चढतात. आणि संध्याकाळीं पांचाच्या सुमारास सारें उतरवून, रस्ता झाडून, जणूं येथें कांहीं नव्हतेंच असें करून लोक निघून जातात. कोणीं कोठें बसावें हें नगरपालिकेनें नेमलेला बाजार-अधिकारी ठरवितो, जागेचें भाडेंही ठरलेलें असतें. रस्त्यांचीं नांवेंसुद्धां बाजाराचींच आहेत. एक 'बोटरमार्क्ट', म्हणजे लोण्याचा बाजार. दुसरा 'फिसमार्क्ट', म्हणजे मासळीचा. पुण्यांत शनिवार, बुधवार, शुक्रवार या पेठांस वारांचीं नांवें आहेत, तसें येथें मालाचें नांव रस्त्यास चिकटलें आहे. कालव्यावर एक पूल आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस खांबांवर छप्पर घातलेलें दिसतें. धान्याचा व्यापार या पुलावर चाले, आणि धान्य भिजूं नये म्हणून १८२५ त हें छप्पर उभारलें. जवळच जुनें वजनघर आहे. पीटर पोस्ट या शिल्पकारानें आंखलेली ही इमारत १६५७ ते १६५९ या काळांत बांधली गेली. लोणी, चीज वगैरे माल येथें नगराच्या तराजूंत तोलला जाई, म्हणजे विकणाऱ्याच्या तराजूवर घेणाऱ्यास विसंबून राहावें लागत नसे. ही व्यवस्था वाचून आम्हांस फार कौतुक वाटलें. आमच्या गांवच्या बाजारांत तराजूच्या पारड्याखालीं चिकटवलेली चिंच आम्हीं स्वतः काढली आहे.

येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पुण्याची मंडई १८८६ त उघडली, तेव्हां तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव दिलें होतें. पुढें ती महात्मा फुले मंडई झाली. हे रेसाहेब मूळचे हॉलंडांतच वाढलेले. त्यांचा जन्म १८३९ त हेग शहरीं झाला, आणि कायद्याचें शिक्षण झालें तें याच लायडनच्या विद्यापीठांत. ज्या मंडईंत आम्हीं विद्यार्थिदशेंत मावशीबरोबर भाजी घेतली, तिच्या पहिल्या नांवाचा गृहस्थ तरुणपणीं याच कालव्यांच्या कांठीं हिंडला असेल, हें मनांत येऊन या परक्या बाजाराशीं आमचें कांहीं नातें आहे असें वाटूं लागलें, आणि थोडा अहंकारही वाढला.

आतां त्या बाजाराचे नियम. ते कोठें लिहिलेले नाहींत, पण सर्व पाळतात. पहिला नियम असा कीं, भाव करावयाचा नाहीं. प्रत्येक मालावर पाटी असते, तीवर आंकडा असतो, तो अंतिम. दुसरा, बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकानें मालास हात लावावयाचा नाहीं. काय हवें तें सांगावें, दुकानदार स्वतः निवडून पिशवींत घालतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, आपला क्रम येईपर्यंत थांबावयाचें. रांग दोरीनें आंखलेली नसते. आपल्या आधीं कोण आलें हें ज्याचें त्यानें लक्षांत ठेवावयाचें. दुकानदार मान वर करून विचारतो, "वी इस एर आन द बुर्त?" म्हणजे, आतां क्रम कोणाचा? मग ज्याचा क्रम असेल तोच बोलतो. आमच्याकडे एकाच वेळीं सहा हात आणि सहा आवाज पुढें येतात, त्यामुळें ही शांतता पहिल्या दिवशीं आम्हांस देवळासारखी वाटली.

वजनांची मात्र मौज आहे. कारभार सगळा किलो-ग्रॅमचा. पण लोकांच्या तोंडीं जुनीं नांवेंच आहेत. 'पोंड' म्हणजे ५०० ग्रॅम, 'ओन्स' म्हणजे १०० ग्रॅम. आमच्याकडे मेट्रिक मापें येऊन किती वर्षें लोटलीं, तरी आमच्या मातोश्री शेवटपर्यंत शेर-पावशेरच म्हणत, तसेंच हें. नाण्यांतही एक आणि दोन सेंट येथें व्यवहारांत नाहींत. २००४ पासून रोख रक्कम पांचाच्या पटींत आणून घेतात. बहुतेक गिऱ्हाइकें आतां कार्ड टेकवूनच पैसे देतात, पण आम्ही नाणीं मोजून देतों. मोजण्याचें शिक्षण नातीनें दिलें. त्या भाषेंत एकवीस म्हणावयाचें असेल तर आधीं एक आणि मग वीस म्हणतात, पंचवीस म्हणतांना आधीं पांच. म्हणजे आपल्या मराठीचीच रीत. दोनास 'त्वे', तिनास 'द्री', आठास 'आख्त', नवास 'नेखन'. द्वि, त्रि, अष्ट, नव हे जन्मभर घोकून घेतलेले शब्द भाजीवाल्याच्या तोंडून असे वेष पालटून ऐकूं आले, तेव्हां आम्हांस भरून आलें. नात मात्र आमच्या 'ख'वर खूष नव्हती. "आजोबा, घशांतून काढा, खाकरल्यासारखा," असें ती म्हणे आणि आम्ही आज्ञाधारकपणें खाकरत असूं.

इतकें शिकून आम्ही पहिल्या शनिवारीं एकटेच बाजारास गेलों. एका दुकानांत टोमॅटो रचलेले होते. चाळीस वर्षांची संवय. हात पुढें झाला आणि दोन टोमॅटो दाबून पाहिले. दुकानदारीण मोठ्यानें कांहीं बोलली. शब्द कळले नाहींत, अर्थ कळला. रांगेंतल्या चार-सहा मंडळींनीं आमच्याकडे पाहिलें. वर्गांत खोडी करतांना सांपडलेल्या मुलास काय वाटत असेल, तें त्या दिवशीं कळलें. त्या घाईंत आम्हीं शेजारच्या दुकानाकडे वळून जें हिरवें दिसलें तें बोटानें दाखविलें : बटाटे, कांदे, पालक, आणि कोथिंबिरीच्या दोन टपोऱ्या जुड्या. कोथिंबीर इतकी ताजी मिळाली म्हणून मनाची समजूत पटली. टोमॅटोची हकीकत घरीं सांगितली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं रविवार. चिरंजीवांनीं गांवांतील पांच-सहा मराठी मंडळींस फराळास बोलाविलें होतें. सकाळीं कुटुंबानें जुडी हातांत घेऊन हुंगली आणि म्हटलें, "अहो, हिला वासच नाहीं. कोथिंबीर दिसत नाहीं ही." आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां उत्तर दिलें, "थंड प्रदेशांतील वनस्पतींस वास कमीच असावयाचा. तेथें उन्हाचा ताप नाहीं, मग तेल कोठून येणार?" हें शास्त्र आम्हीं त्याच क्षणीं रचलें होतें. तिनें एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां जुडी चिरावयास घेतली.

पोह्यांवर तें हिरवें पडलें, उसळीवर पडलें, चटणींतही वाटलें गेलें. पाहुण्यांनीं पहिला घांस घेतला आणि सर्व जरा थांबले. एक तरुण गृहस्थ हंसून म्हणाले, "काकू, पार्स्लीचे पोहे प्रथमच खातों आहें." तेव्हां उलगडा झाला. येथील लोक 'पेतरसेली' नांवाचा एक पाला सर्वत्र वापरतात. एकाच कुळांतला असल्यामुळें दिसण्यांत कोथिंबिरीचा सख्खा भाऊ. चव मात्र अगदीं निराळी. आम्ही मान खालीं घालून बसलों. एवढ्यांत आंतून आमच्या मंडळींचा आवाज आला : "माझ्याच हातून झालें हो. नव्या देशांत डोळे फसले माझे." पाहुणे हंसले, विषय निघून गेला.

रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं तिला विचारलें, "तूं आपल्यावर कां घेतलेंस? तुला तर कळलें होतें." ती भांडीं पुसत होती. म्हणाली, "चाळीस वर्षें तेंच करीत आल्यें आहें. जून भेंडी आली तर बिया काढल्या, किडकीं वांगीं आलीं तर चिरून निम्मीं टाकलीं, कडू काकडी आली तर तिची कोशिंबीर न करतां थालीपिठांत लपविली. तुम्ही ओटीवर हिशेब लिहीत होतां, मी आंत निभावून नेत होत्यें. एकदां तरी विचारलेंत का, काय आणूं म्हणून?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ती रागावून बोलली असती, तर आम्हींही कांहीं बोललों असतों. पण ती सहज सांगत होती, जसें गणितांतलें उत्तर सांगावें. आम्हीं अंथरुणावर पडून मागचीं वर्षें आठवून पाहिलीं. काय आणूं, असें विचारल्याचें एकही उदाहरण आठवेना. किती आणूं, हें पुष्कळदां विचारलें होतें. माणसें किती जेवावयास आहेत तें हिशेबास लागतें म्हणून. वहींत भाजीचा भाव होता, वजन होतें, तारीख होती. त्या भाजीचें पुढें काय झालें याचा रकाना नव्हता.

पुढच्या शनिवारीं आम्हीं पिशवी तिच्या हातीं दिली आणि बरोबर गेलों. आरंभीं ती बुजली. मासळीच्या दुकानांवरून जातांना पदर नाकाशीं धरला आणि पावलें उचललीं. पण भाजीच्या रांगेशीं आल्यावर तिनें जें केलें, तें आम्हांस चाळीस वर्षांत सुचलें नव्हतें. तिनें कांहीं घेतलेंच नाहीं. आधीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हिंडून कोणत्या दुकानापुढें वयस्क बायका थांबल्या आहेत तें पाहिलें. मग त्या दुकानाशीं उभी राहिली, आपला क्रम आल्यावर एका जुडीकडे बोट दाखविलें आणि नाकाशीं हात नेऊन खूण केली. हात लावूं न देणाऱ्या त्या दुकानदारानें स्वतः एक पान खुडून तिच्या हातावर ठेवलें. तिनें चुरडून हुंगलें, मान हलविली. मग त्यानें दुसऱ्या जुडीचें पान दिलें. तिचा चेहरा उजळला. "कोरियांदर," तो म्हणाला. "कोथिंबीर," ती म्हणाली. दोघांनींही एकमेकांचा शब्द उच्चारून पाहिला. सारा व्यवहार एका मिनिटांत झाला, आणि त्यांत भाषेचे दोनच शब्द खर्चीं पडले.

तेव्हांपासून दर शनिवारीं आम्ही विद्यार्थी आहों. नवलकोल घेतांना दुकानदार पाला मोडून टाकतो, कारण इकडे तो फारसा कोणी खात नाहीं. तिनें खुणेनें तो मागितला. त्यानें आपला तर दिलाच, मागच्या गिऱ्हाइकांचा टाकलेलाही पिशवींत घातला. एक पैसा न पडतां दोन दिवसांची डाळ घालून केलेली भाजी झाली. वसंतांत येथें तांबड्या लांब देंठांची एक भाजी येते, तिला 'राबार्बर' म्हणतात. लोक ती साखर घालून शिजवितात. तिनें एक तुकडा चाखला आणि म्हणाली, "हा तर चुक्याचा भाऊबंद." आम्हीं पुस्तकांत पाहिलें, तों खरेंच चुका आणि राबार्बर एकाच कुळांतले. मात्र याचीं पानें विषारी, तीं खावयाचीं नाहींत. दुकानांत बहुधा देंठच येतात. आतां आमसुलें संपलीं तरी आमटी अडत नाहीं. आणि लायडनचें म्हणून एक चीज प्रसिद्ध आहे, त्यांत जिरें घातलेलें असतें. पहिल्यांदां तें हुंगून ती म्हणाली, "जिऱ्याची फोडणी आहे हो याला!" हा जीरक किती समुद्र ओलांडून या देशांत आला असेल, तें तिच्या नाकास सांगावें लागलें नाहीं. घेण्यापूर्वीं मात्र सूनबाईंकडून त्यांतील विरजणाची नीट चौकशी करविली. पुष्कळ चीजमध्यें तें वासराच्या पोटांतून काढलेलें असतें, म्हणून शाकाहारी लिहिलेलें असेल तेंच घरांत येतें.

संध्याकाळीं साडेचारच्या सुमारास बाजारांत एकच ओरड होते : "आलेस एन युरो!" सगळें एका युरोस. उरलेला माल परत वाहून नेण्यापेक्षां पडत्या भावानें गेलेला बरा, असा दुकानदारांचा हिशेब. सकाळीं भाव उतरत नाहीं म्हणून हळहळलेले आम्ही या वेळेस पुढें सरसावलों. तिनें आमची बाही धरली. "आज निम्में खाऊं, उद्यां निम्में फेंकूं. मग स्वस्त काय पडलें?" आमच्या जुन्या वह्यांत 'स्वस्त मिळालें' असा शेरा पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यांतील किती स्वस्त होतें, आतां देव जाणे.

एका शुक्रवारीं सूनबाईंनीं सुट्टी घेऊन आम्हांस आगगाडीनें हेग शहरीं नेलें. गाडीनें पाव तासाचा रस्ता. तेथील उघड्यावरचा बाजार फार मोठा. सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार असा भरतो. तेथें कारलीं, दुधी, हातभर लांब चवळीच्या शेंगा पाहून आमची मंडळी लहान मुलासारखी हरखली. दुकानावर एक प्रौढ बाई होत्या, चेहरा आपल्याकडचा. त्यांचे पूर्वज बिहार-संयुक्त प्रांतांकडून करारावर मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम या वलंदेजांच्या वसाहतींत नेलेले. पहिलें जहाज, 'लाला रूख', तेथें १८७३ त पोंचलें. आणि १९१६ पर्यंत अशीं चौतीस हजारांवर माणसें नेलीं. १९७५ त सुरिनाम स्वतंत्र झालें, त्या सुमारास त्यांपैकीं बरींच कुटुंबें हॉलंडांत आलीं. त्यांची बोली सरनामी, भोजपुरीची नात म्हणावी अशी. आम्ही आमच्या पुस्तकी हिंदींत वाक्य जुळवीत होतों, तोंपर्यंत या दोघी कारल्याचा कडूपणा कसा काढावा यावर येऊन ठेपल्या होत्या. दोन समुद्र आणि दीडशें वर्षें उलटलीं, तरी त्या बाईंच्या घरीं करैला हा शब्द राहिला, तो चुलीशीं बसलेल्या बायकांमुळेंच राहिला असणार.

परत येतांना गाडींत आम्हांस एक जुना ग्रंथ आठवला. सतराव्या शतकांत मलबारांत वान रेडे नांवाचा वलंदेज अधिकारी होता. तेथील झाडापाल्याचें मोठें वर्णन त्यानें सिद्ध करविलें. 'होर्तुस मलाबारिकुस' या नांवानें त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. हें ज्ञान त्यानें स्वतःच्या डोक्यांतून काढलें नाहीं. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यास विचारलें. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांस विचारलें. आणि या तिघांचें नागरी अक्षरांतील साक्षीपत्र पहिल्या खंडांत छापलें. हातीं सत्ता असलेल्या माणसानें, ज्यास ठाऊक आहे त्यास विचारावें आणि त्याचें नांव लिहावें, एवढी रीत त्यानें पाळली. आम्ही तर चार भिंतींच्या घरांतले सत्ताधारी. ज्यास ठाऊक होतें तें माणूस दहा पावलांवर होतें, आणि आम्हीं तें अंतर चाळीस वर्षें ओलांडलें नाहीं.

कोणी म्हणेल, पिशवी कोणाच्याही हातांत असो, भाजी घरांत आली कीं झालें. आम्हींही तेंच म्हटलें असतें. पण मोठ्या कुटुंबांत पैसा कोण देतो हें जितकें पाहिलें जातें, तितकें निवड कोण करतो हें पाहिलें जात नाहीं. ज्याच्या हातून रोज शिजतें, त्यास काय शिजवावें हें ठरवितां न येणें, ही गोष्ट लहान दिसते. ती रोज घडते म्हणूनच लहान दिसते. आमच्या दोघी भावजयांचेंही असेंच होत आलें असणार. त्यांनींही कधीं तोंडांतून शब्द काढला नाहीं.

आमचा परतण्याचा दिवस जवळ आला आहे. मागच्या शनिवारीं नेहमींच्या दुकानापुढें उभे होतों. दुकानदारानें मान वर करून विचारलें, आतां क्रम कोणाचा? रांगेंत आम्ही पुढें होतों. नातीनें शिकविलेलें वाक्य मनांत जुळवून ठेवलें होतें, आणि तिच्या पसंतीचा 'ख'ही त्यांत दोन ठिकाणीं येत होता. पण आम्हीं एक पाऊल मागें घेतलें आणि मंडळींकडे बोट दाखविलें. त्यानें हंसून म्हटलें, "मेव्राउ!" म्हणजे बाईसाहेब.

घरीं गेल्यावर मंगळवारच्या बाजारास तिनें जावयाचें, दोघी भावजयांस यावयाचें असेल तर त्यांनींही, असें ठरलें आहे. त्यांस पत्रानें कळविलें. उत्तर आलें कीं, जाऊबाई आधीं येऊं देत, मग पाहूं. आमच्याकडे काय काम राहिलें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "भरलेली पिशवी कोण उचलणार?" तें काम आम्हांस पत्करलें आहे. वहींतही एक नवा रकाना आंखला आहे. तो भरावयाचा कोणीं, तें सांगावयास नकोच.

असो. आमच्या वाचकगृहस्थांनीं या आठवड्यांत बाजारास निघण्यापूर्वीं उंबऱ्याशीं क्षणभर थांबून एक प्रश्न विचारून पाहावा. उत्तर कदाचित् चटकन मिळणार नाहीं. विचारण्याची संवय नसते, तशी सांगण्याचीही मोडलेली असते. थोडें थांबावें. पुढील महिन्यांत, योग असेल तर, भेट आपल्या देशींच.